मागच्या खोलीतलं मशीन

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं सावरलं आहे, आणि त्या दिवशी वेळेअभावी राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी घातल्या आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू आयटीत आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे आपल्या बॅचमध्ये निदान दहा जण आहेत, आणि त्यातले चार तर बँकेत आहेत. मला दुसऱ्याच गोष्टीवर बोलायचंय. गेल्या तीन वर्षांत मी घरी एक मशीन बनवलं, त्यावर. त्याला सीएनसी राउटर म्हणतात. राउटर म्हणजे वायफायचा डबा नव्हे, हे आधीच सांगते. माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "अगं, आपल्याकडे आहे की एक, दुसरा कशाला बनवतेस?"

हा राउटर लाकूड कापतो, कोरतो. मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेणारी एक मोटर, तिच्या तोंडाशी पेन्सिलीएवढं पातं, आणि ती मोटर पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली नेणारी तीन स्क्रूंची यंत्रणा. कुठे जायचं ते कॉम्प्युटर सांगतो. आलेखाच्या कागदावर आपण क्ष आणि य मोजून बिंदू मांडायचो, तेच. फक्त पेन्सिलीच्या जागी पातं, आणि खोली मोजायला तिसरा अक्ष.

आता तुम्ही म्हणाल, हिला हे कुठून सुचलं? त्यासाठी मला आपल्या कार्यानुभवाच्या तासाला जावं लागेल.

शुक्रवारी शेवटचे दोन तास. मुलं मैदानापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकामाला, आणि आम्ही मुली वर्गातच, मॅटीचं कापड आणि रंगीत दोरे घेऊन. शेडमधून करवतीचा आवाज यायचा आणि माझा फुलीटाका चुकायचा. मुलांनी वर्षभरात तिथे काय बनवलं ते मला चांगलं आठवतंय: एक स्टूल, जो कधीही चार पायांवर उभा राहिला नाही. (इथे हॉलमध्ये हशा झाला आणि दोघांनी हात वर करून गुन्हा कबूल केला, हे नोंदवून ठेवते.) मी एकदा बाईंना विचारलं होतं, मला शेडमध्ये जाता येईल का? बाई म्हणाल्या, "तसं वेळापत्रकात नाही गं." रागावल्या नव्हत्या. खरंच वेळापत्रकात नव्हतं.

शिवणाच्या बाई आज आल्या आहेत म्हणून सांगते. बाई, तुम्ही शिकवलेला फुलीटाका वाया गेला नाही. मॅटीवर चार घरं उजवीकडे, दोन घरं वर, तिथे लाल दोरा; मशीनला मी आज जे लिहून देते ते जवळजवळ हेच असतं.

पण मला शेडचं एवढं आकर्षण का होतं? माझे वडील, अण्णा, उद्यमनगरात पॅटर्न मिस्त्री होते. कोल्हापूरच्या लोकांना हे सांगायला नको, पण आपल्यातले बरेच जण आता पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशी असतात, त्यांच्या मुलांसाठी सांगते. बिडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिची लाकडाची हुबेहूब प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबायची, अलगद उचलायची, आणि जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं बीड ओतायचं. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. अण्णा सागवानातून पंपाची बॉडी, पुलीचं चाक, इंजिनाचं झाकण असलं काय काय कोरून काढायचे. आमच्या घरी सागवानाच्या भुशाचा वास सुट्टीच्या दिवशीही असायचा, कारण तो त्यांच्या शर्टांतच बसला होता.

या धंद्यात एक गंमत आहे. बीड थंड होताना आकसतं, साधारण शंभराला एक. म्हणजे शंभर मिलिमीटरची वस्तू हवी असेल तर पॅटर्न एकशे एकचा करायला लागतो. दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्न मिस्त्र्यांकडे वेगळी पट्टी असते. तिच्यावर शंभर लिहिलेलं असतं तिथे खरे एकशे एक असतात. कॉन्ट्रॅक्शनची पट्टी म्हणतात तिला. मी सहावीत असताना माझी पट्टी हरवली, म्हणून अण्णांच्या पेटीतली एक उचलून शाळेत आणली. भूमितीच्या बाईंनी वही तपासली तर दहा सेंटिमीटरची प्रत्येक रेघ एक मिलिमीटरने जास्त. बाईंनी लाल शाईत लिहिलं, "निष्काळजीपणा." मी घरी जाऊन रडले. अण्णा मात्र पोट धरून हसले आणि म्हणाले, "बाईंना सांग, थंड झाल्यावर बरोबर भरंल." मी ते बाईंना सांगितलं नाही. आज सांगते.

एवढे हसणारे अण्णा मला पटाशीला मात्र हात लावू द्यायचे नाहीत. "हात कापून घेशील. तू अभ्यास कर." भावालाही नाही. आमच्या दोघांपैकी कोणी या धंद्यात येऊ नये हे त्यांनी फार आधी ठरवलं होतं. माझ्या इंजिनीअरिंगची फी त्याच भुशातून आली. २००१ मध्ये मी कॉम्प्युटर इंजिनीअर होऊन पुण्यात नोकरीला लागले, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

मग २००४ च्या सुमाराला त्यांच्या मालकांनी सीएनसी मशीन आणलं. माणूस चांगला होता, त्यांनी कोणाला काढलं नाही. अण्णांना मशीनमधून निघालेल्या पॅटर्नला पॉलिश पेपर मारायचं काम दिलं. तीस वर्षं ज्या माणसाकडे लोक ड्रॉइंग घेऊन यायचे, त्याच्या हातात पॉलिश पेपर. त्यांनी हे मला फोनवर सांगितलं, अगदी साध्या आवाजात. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरं झालं अण्णा, तुमचे कष्ट वाचले." पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, जेवलीस का. चार वर्षांनी ते निवृत्त झाले आणि पेटीला कुलूप लावलं.

मी हे वाक्य विसरूनही गेले होते. आठवलं ते फार उशिरा.

२०१९ मध्ये आई गेली. अण्णांना मी पुण्याला घेऊन आले. तोवर त्यांना कंपवात सुरू झाला होता. उजवा हात थरथरायचा. पेटी त्यांनी सोबत आणली आणि पलंगाखाली ठेवली. दिवसभर गॅलरीत बसायचे. मग कोविड आला आणि आम्ही सगळेच गॅलरीत बसलो.

मशीन मी त्यांच्यासाठी सुरू केलं, असं म्हणाले तर ते खोटं होईल. मी ते माझ्यासाठी सुरू केलं. वीस वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते. त्यातलं निम्मं आज कुठेही चालत नाही. एकतर बदललं, नाहीतर ती कंपनीच विकली गेली. चाळिशी उलटल्यावर मला वाटायला लागलं की हातात धरता येईल असं मी आयुष्यात काहीच केलेलं नाही, मॅटीचा तो टेबलक्लॉथ सोडला तर. २०२१ च्या दिवाळीत मी मागच्या आठ बाय दहाच्या खोलीतली अडगळ काढली आणि कामाला लागले.

पहिला सांगाडा अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडचा केला. दिसायला झकास. पण पूल, म्हणजे मोटर वाहून नेणारा आडवा भाग, नुसता बोटाने ढकलला तरी अर्धा मिलिमीटर वाकायचा. पातं लाकडात घुसल्यावर तर बोटापेक्षा कितीतरी जास्त जोर येतो. तो सांगाडा आता आमच्याकडे बुटांचं कपाट आहे. दुसऱ्या वेळी अॅल्युमिनियमचे जाड एक्स्ट्रूजन घेतले, भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून बाजूच्या प्लेटा कापून आणल्या, वायरी आणि स्विच तपकीर गल्लीतून. रेल आणि बॉलस्क्रू ऑनलाइन मागवले. सगळं मिळून ऐंशी हजारांच्या आसपास गेले. नवऱ्याला मी साठ सांगितलेत. स्मरणिका त्याच्या हाती पडू नये ही विनंती.

मेंदूचं काम मात्र जवळजवळ फुकट झालं. सिमेन स्वाले स्कोग्सरुड नावाच्या गृहस्थांनी २००९ मध्ये जीआरबीएल हे सॉफ्टवेअर लिहून सगळ्यांसाठी खुलं केलं. ते आर्डुइनो नावाच्या, हातात मावणाऱ्या सर्किटवर चालतं. ज्या मशीनला १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत फ्रिजएवढी मोठी कपाटं भरतील एवढी इलेक्ट्रॉनिक्स लागली होती, त्याचा मेंदू आज पत्त्यांच्या जोडाएवढा आहे. मूळ कल्पना जॉन पार्सन्स यांची, हेलिकॉप्टरची पाती अचूक बनवायच्या खटपटीतून निघालेली. आयटीतल्या मुलांना मी नेहमी सांगते, सॉफ्टवेअरने लोखंड कापायला सुरुवात केली तेव्हा आपले वडील शाळेतसुद्धा जात नव्हते.

मोटरचं गणित थोडं सांगते, कंटाळू नका. स्टेपर मोटर सलग फिरत नाही, ठोक्याठोक्याने फिरते. एका फेऱ्याला २०० ठोके. ड्रायव्हर प्रत्येक ठोक्याचे आठ भाग करतो, म्हणजे १६००. एका फेऱ्यात स्क्रू ५ मिलिमीटर पुढे नेतो. म्हणजे एका मिलिमीटरला ३२० ठोके. कागदावर माझं मशीन तीन मायक्रॉनची भाषा बोलतं. प्रत्यक्षात एक दशांश मिलिमीटर पाळलं तरी मी देवाला नारळ फोडते, कारण मधे नट सैल असतो, रेल किंचित वाकडी असते, लाकूड हवेने फुगतं. शिवाय ही मोटर आंधळी असते. ठोका दिला आणि ती जागची हलली नाही, तरी कॉम्प्युटर समजतो की ती पोचली. पातं अडकलं, चार ठोके हुकले, की पुढचं सगळं काम तेवढ्याने सरकून कोरलं जातं. आणि इथे अनडू नाही. माझ्या ऑफिसात कोणी काही बिघडवलं तर आम्ही कालची प्रत परत आणतो. कालचं लाकूड परत आणता येत नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते एका भुताने. पातं फिरायला लागलं की कधी दोन मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी मशीन आपोआप थांबायचं आणि स्क्रीनवर अलार्म: टोकाचा स्विच दाबला गेला. स्विच तर चांगला फूटभर लांब! मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे दोष सॉफ्टवेअरमध्येच शोधणार. दोन आठवडे रात्री जागून कोड वाचला, त्यात ठिकठिकाणी नोंदी टाकल्या, स्विचचं वाचन तीन-तीनदा तपासायला लावलं. शेवटी ऑफिसातला हार्डवेअरचा एक मुलगा व्हिडिओ कॉलवर नुसतं बघून म्हणाला, "मॅडम, स्विचची वायर मोटरच्या वायरीला टेकून का नेलीय?" पात्याच्या मोटरचा वेग बदलणारा जो ड्राइव्ह असतो, तो आजूबाजूच्या वायरींत विजेचा गोंगाट पसरवतो. स्विचची बारीक वायर तो गोंगाट ऐकायची आणि मेंदूला वाटायचं, आला स्विच. वायर लांबून नेली, जाळीची शिल्डेड घातली, ती जाळी एकाच टोकाला अर्थ केली, एक छोटा कपॅसिटर लावला. भूत गेलं. चूक माझ्या कोडमध्ये नव्हती याचा मला झालेला आनंद जरा लाजिरवाणा होता.

या सगळ्या काळात अण्णा त्या खोलीत एकदाही आले नाहीत. घर केवढंसं, रोज त्या दारावरून जायचे, पण आत बघायचे नाहीत. मला वाटायचं, आवाजाचा त्रास होत असेल. शेजाऱ्यांना होत होताच. म्हणून आम्ही ठरवून घेतलं होतं, मशीन फक्त रविवारी अकरा ते एक. एका रविवारी जेवताना मी उत्साहाने सांगत होते, अण्णा, आज पहिल्यांदा सागवान कापलं, काय सुरेख कापलं! ते ताटाकडे बघत म्हणाले, "कापणारच की. आमचं काम त्यानंच तर कापलं."

मला तेव्हा तो २००४ चा फोन आठवला. माझं वाक्य शब्दाशब्दाने आठवलं. मी पानावरून उठले नाही, काही बोललेही नाही. नंतर रात्री त्यांच्या पलंगाशी जाऊन बसले आणि म्हटलं, अण्णा, तेव्हा मी चुकीचं बोलले होते. त्यांनी विचारलं, "काय बोलली होतीस?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आठवत न्हाई मला." पण ते जरा घाईने म्हणाले.

त्यानंतर मी महिनाभर मशीनला हात लावला नाही. विकून टाकावं असंही वाटलं. मग एके दिवशी ऑफिसातून आले तर मागच्या खोलीत दिवा. अण्णा आत खुर्ची टाकून बसलेले. समोर मी कापलेली एमडीएफची चाचणीची चकती आणि ती बसावी म्हणून कापलेलं भोक. भोकाचा व्यास चकतीपेक्षा दोन दशांश मिलिमीटरने मोठा ठेवला होता. ती चकती भोकात बसायची ती अगदी लोण्यासारखी, आणि मी व्हर्निअरने आडवी आणि उभी मोजून चकतीवर पेन्सिलीने अभिमानाने लिहिलं होतं: १००.०.

अण्णा म्हणाले, "हे गोल न्हाई."

मी म्हटलं, अण्णा, मोजलंय मी. दोन्हीकडून शंभर.

त्यांनी चकती बाहेर काढली, थरथरत्या हाताने पाव फेरा फिरवली आणि परत भोकावर ठेवली. बसली नाही. दाबली तरी अडकली. परत पाव फेरा, लोण्यासारखी आत. मी बघतच राहिले. मग व्हर्निअर तिरका धरून मोजलं: एका कर्णावर १००.२, दुसऱ्या कर्णावर ९९.८. चकती चपटी होती आणि भोकही तसंच, त्याच बाजूने चपटं होतं, म्हणून दोघांचं जमत होतं. सरळ मोजून हे कधीच कळलं नसतं. "कशानं होतं हे?" मी विचारलं. "गुण्यात न्हाई तुझं मशीन," ते म्हणाले. "तीन-चार-पाच कर."

तीन-चार-पाच! आपल्या भूमितीच्या बाईंनी फळ्यावर काढलेला तो काटकोन त्रिकोण. मशीनला सांगून ३०० बाय ४०० च्या आयताच्या चार कोपऱ्यांवर चार बारीक भोकं पाडली. कर्ण दोन्ही ५०० यायला हवेत. एक आला जवळपास ५०१, दुसरा ४९९. दोन अक्षांमधला कोन नव्वदला थोडासा कमी होता. पुलाचे बोल्ट सैल केले, एक बाजू किंचित पुढे, परत चार भोकं, परत कर्ण. रात्रीचे साडेअकरा वाजले, त्या रात्री शेजाऱ्यांचा नियम आम्ही मोडला. सातव्या वेळेला दोन्ही कर्ण ५०० आले. अण्णांनी तोवर पलंगाखालची पेटी आणून उघडली होती, आपला गुण्या काढून पुलाच्या कोपऱ्याला लावून बसले होते. चौदा-पंधरा वर्षांनी त्या पेटीचं कुलूप निघालं.

पुढची गोष्ट मागच्या वर्षीची. अण्णांच्या एका जुन्या मित्राचं कागलजवळ गुऱ्हाळ आहे. त्यांच्या चरकाच्या गिअरवरचं बिडाचं झाकण तडकलं. चरक जुना, बनवणारे कधीच बंद झालेले, झाकण मिळेना. त्यांनी फोन अण्णांना केला, सवयीने. अण्णा म्हणाले, "माझा हात चालत न्हाई आता." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "थांब, विचारून सांगतो."

तडकलेलं झाकण एसटीच्या पार्सलने आलं. सव्वातेरा इंच, म्हणजे साधारण ३३७ मिलिमीटर व्यास, कडेला बोल्टसाठी तीन कान. मी मोजमापं घेऊन दोन दिवसांत कॉम्प्युटरवर चित्र तयार केलं, फिरवून-फिरवून अण्णांना दाखवलं. त्यांनी सगळं बघून एकच विचारलं: "कुठली पट्टी धरलीस?"

मी साधी पट्टी धरली होती. सहावीत चुकून कॉन्ट्रॅक्शनची धरली आणि पन्नाशीकडे झुकताना, जेव्हा तीच धरायची, तेव्हा साधी! तसंच ओतलं असतं तर झाकण सव्वातीन-साडेतीन मिलिमीटर लहान झालं असतं आणि चरकाच्या कठड्यावर बसलंच नसतं. सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती एका ओळीची: सगळ्याला १.०१ ने गुणा. मी ते केलं. तरी अण्णांनी पेटीतली पट्टी काढून स्क्रीनवरचे आकडे एकेक करून ताडून पाहिले.

मग दुसरी चूक. माझ्या कडा सरळ उभ्या होत्या. अण्णा म्हणाले, वाळूतून वर कसा काढणार? पॅटर्नच्या बाजूंना किंचित उतार लागतो, नाहीतर उचलताना वाळू फुटते. तो उतार दिला. उतार कापायला मशीन गोल टोकाच्या पात्याने बारीक पायऱ्या-पायऱ्या करत जातं. त्याला सहा तास लागले, म्हणजे तीन रविवार. आतल्या कोपऱ्यांना गोलाई हवी, तिथे लांबी भरून अण्णांनी अंगठ्याने ओढली. पायऱ्या पॉलिश पेपरने घासून काढल्या.

हो, पॉलिश पेपरच. मी त्यांच्या हातातून घ्यायला गेले. त्यांनी दिला नाही. म्हणाले, "तुझा हात जड पडतोय. कान झिजंल." मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. हात कामात असला की थरथर कमी व्हायची, थांबला की परत सुरू. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, या आजारात असं होतं, विश्रांतीतला कंप हालचालीत कमी होतो. यात चमत्कार काही नाही आणि आजार बरा झालेला नाही. बटण त्यांना अजूनही लावता येत नाही, बारीक पटाशी तर नाहीच. हे मुद्दाम सांगते, कारण ही हकीकत मी एकीला सांगितली तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे मशीनने बाबा बरे झाले!" तसं झालेलं नाही.

पॅटर्न आम्ही दोघं घेऊन कोल्हापूरला आलो. ओतकाम उद्यमनगरातच झालं. ज्या दिवशी साचा फोडला त्या दिवशी मी तिथे होते. झाकण बसवायला कागलला गेलो, गुऱ्हाळाच्या मालकांनी ते चरकावर ठेवलं, किंचित फिरवलं आणि हाताने थोपटलं. बसलं. अण्णा म्हणाले, "पाव फेरा फिरवून बघ." तीन कानांचं झाकण पाव फेऱ्यात कसं बसेल? ते माझ्याकडे बघून हसत होते. एवढं हसताना मी त्यांना सहावीनंतर पाहिलं नव्हतं. येताना काकवीचा डबा मिळाला, मजुरी म्हणून.

शेवटी घरच्या कारखान्याबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी, कारण मघाशी चहाच्या वेळी तिघा-चौघांनी "आम्हालाही करायचंय" म्हटलंय. फिरणाऱ्या पात्याजवळ ओढणी, मोकळे केस आणि हातमोजे नकोत. मोजा पात्यात गेला तर हात घेऊन जातो. चष्मा घाला. माझं एक पातं तुटून भिंतीत रुतलं होतं, ते अजून काढलेलं नाही. एमडीएफचा भुसा छातीला वाईट, चांगला मास्क लावा. आणि पहिला सांगाडा प्लायवूडचा करणारच असाल तर बुटांच्या कपाटाच्या मापाचा करा.

मुख्याध्यापकांनी सकाळी शाळा दाखवली तेव्हा ती पत्र्याची शेड बघितली. कुलूप आहे, कार्यानुभवाचे ते तास आता होत नाहीत असं कळलं. मी त्यांच्याशी बोलले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मशीन घेऊन आठ दिवस येऊ शकते. ते चार तुकड्यांत सुटं होतं आणि गाडीत मावतं. आठवी-नववीची मुलं-मुली, ज्यांना यायचंय ते सगळे. वीज थ्री फेज लागत नाही, साधा पंधरा अँपियरचा प्लग पुरे, पण अर्थिंग नीट हवं, ते आधी तपासून घ्यावं लागेल. आपल्यातल्या एमएसईबीवाल्याने तेवढं मनावर घ्यावं.

अण्णा आज आले नाहीत, एवढा वेळ बसवत नाही त्यांना. पण येतील म्हणालेत उन्हाळ्यात. त्यांनी तुम्हाला एक विचारायला सांगितलंय, विशेषतः सुतारकामाच्या सरांना: शेडमध्ये सागवानाची दोन लांब बाकं होती, शिकंजा लावलेली. ती अजून आहेत का, आणि त्यांना वाळवी तर लागली नाही ना?